लामाँट, कॅरन

लामाँट, कॅरन (१९६७– ) : काच व संगमरवर या माध्यमांत शिल्पे घडविणाऱ्या समकालीन अमेरिकन शिल्पकार. न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या लामाँट यांनी र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या संस्थेतून १९९० मध्ये पदवी घेतली आणि १९९९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या प्रागला गेल्या. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की व यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा या दांपत्याने ओतीव काचेला भव्य शिल्पाचे माध्यम म्हणून चेक भूमीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती आणि एवढ्या मोठ्या आकाराची काच ओतण्याचे कसब तेथे टिकून होते. त्या बळावर लामाँट यांनी व्हेस्टिज (२०००) हा पूर्णाकृती काचेचा पोशाख साकारला.

त्यांच्या पोशाखांत स्त्री नसते, पण तिच्या देहाचा ठसा असतो. देहावरून आणि त्यावर चढविलेल्या वस्त्रावरून ठसे घेऊन मेणाची पोकळ प्रतिकृती करतात, तिच्याभोवती उष्णता सोसणारा साचा बांधून मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या जागेत भट्टीच्या धगीने काच वितळून उतरते. धातूच्या मूर्तींसाठी भारतात मधूच्छिष्टविधान या नावाने परिचित असलेल्या पद्धतीशी हिचे जवळचे नाते आहे. तथापि काचेचा बाहेरचा थर आतल्या थराआधी निवला तर ताण साचून ती तडकते, म्हणून भट्टीचे तापमान अतिशय सावकाश उतरवावे लागते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. कॉर्निंग काचसंग्रहालयातील ईव्हनिंग ड्रेस विथ शॉल (२००४) या कृतीत बाहेरून वस्त्राच्या चुण्या दिसतात, तर आतल्या पोकळीवर देहाचा ठसा उमटलेला आहे. अम्लाने धूसर केलेल्या काचेतून प्रकाश झिरपू लागला की दोन्ही पृष्ठे एकमेकांत मिसळतात आणि कापड कोठे संपते व त्वचा कोठे सुरू होते, हे नजरेला ठरविता येत नाही. त्यांच्या कलेचे मर्म या संदिग्धतेत आहे. ग्रीक शिल्पांतील ओल्या, म्हणजे अंगाला चिकटलेल्या, वस्त्राच्या परंपरेशी या पोशाखांची तुलना होते, परंतु ग्रीक शिल्पकाराने वस्त्राखाली भरीव देह ठेवला होता, येथे तो निघून गेलेला आहे.

पुढे क्योटोतील वास्तव्यात किमोनोचा अभ्यास करून त्यांनी काच, मृत्तिका, कांसे व गंजलेले लोखंड यांत एक मालिका घडविली.

क्यूम्युलस (२०१७) या संगमरवरी शिल्पात त्या देहाकडून आकाशाकडे वळल्या. हवामानशास्त्रज्ञ टॅपिओ श्नायडर यांच्या सहकार्याने संगणकावर तयार केलेल्या राशिमेघाच्या, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या दिसणाऱ्या ढगाच्या, प्रतिरूपावरून यंत्रमानवाने दगड कोरला आणि अखेरचा हात कारागिरांनी फिरविला. सुमारे अडीच टन वजनाचा हा ढग त्याच वर्षी व्हेनिस येथील ग्लासस्ट्रेस या काचशिल्पांच्या प्रदर्शनात मांडण्यात आला.