लोकसभेला मत कोणाला? धानोऱ्यातील बौद्ध युवकांनी निर्णय कसा करावा

धानोरा तालुक्यात युवक-युवतींसोबत बसलो आणि लोकसभेचा विषय निघाला, की आम्हाला तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "जागा आदिवासींसाठी राखीव आहे, आपला माणूस उभाच राहू शकत नाही, मग आपण कशाला डोके लावायचे?" दुसरे : "समाजाची बैठक होईल, वरून सांगतील त्याला देऊ." तिसरे : "आपल्या विचाराच्या पक्षाला दिले तर मत वाया जाते, आणि मोठ्या पक्षाला दिले तर पुढे कोणी विचारत नाही."

तिन्ही वाक्यांत थोडे थोडे खरे आहे, पण एकाही वाक्याने निर्णय होत नाही. मत कोणाला द्यावे हे आम्ही इथे सांगणार नाही. ते ठरवायला कोणती माहिती लागते आणि कोणत्या क्रमाने विचार करावा, एवढेच मांडत आहोत.

आपला मतदारसंघ

धानोरा तालुका गडचिरोली विधानसभा क्षेत्रात येतो आणि हे क्षेत्र गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात. या मतदारसंघात तीन जिल्ह्यांतील सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली व अहेरी, गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चिमूर. पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये या मतदारसंघात पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीसाठी राखीव असलेल्या लोकसभेच्या चार जागांपैकी ही एक. नंदुरबार, दिंडोरी आणि पालघर या उरलेल्या तीन.

जागा राखीव आहे म्हणजे उमेदवार अनुसूचित जमातीचा असला पाहिजे. मतदार मात्र सगळेच असतात. १९३२ च्या पुणे करारानंतर आपल्याकडे राखीव जागा आल्या त्या संयुक्त मतदारसंघाच्या. त्याचा परिणाम असा, की राखीव जागेवरचा उमेदवार फक्त स्वतःच्या समाजाच्या मतांवर निवडून येत नाही. अनुसूचित जातीच्या राखीव जागांवर हा अनुभव आपण स्वतः घेतला आहे. इथे तीच गोष्ट उलट्या बाजूने आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के. म्हणजे इथल्या कोणत्याही उमेदवाराला आदिवासी, ओबीसी आणि बौद्ध अशा सगळ्या वस्त्यांत यावेच लागते.

आणखी एक गोष्ट बहुतेक युवकांना माहीत नसते. उमेदवारी अर्जावर सही करणारा सूचक कोणत्याही समाजाचा चालतो, तो त्या मतदारसंघाचा मतदार असला म्हणजे झाले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक लागतो, अपक्षाला दहा. म्हणजे उभे राहता आले नाही, तरी एखाद्या चांगल्या आदिवासी कार्यकर्त्याला उभे करण्यात आपला हात असू शकतो.

खासदाराला काय विचारायचे

निर्णयाची सुरुवात उमेदवारापासून करू नका, आपल्या प्रश्नांपासून करा. आणि प्रश्न कोणाच्या हातातला आहे ते आधी वेगळे काढा. गावातली नाली, अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा ही कामे खासदाराची नाहीत. लोकसभेच्या प्रचारात यांवरच भाषणे होतात आणि संसदेत ठरणारे विषय बाजूला राहतात.

आपल्या तालुक्यातली तीन उदाहरणे घेऊ.

पहिले जबरानजोतीचे. अनेक बौद्ध कुटुंबे वनजमिनीवर वर्षानुवर्षे धान पिकवतात. वनहक्क कायदा, २००६ मध्ये आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. आपण 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येतो, म्हणून त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबांना शाळा मिळाली नाही, त्यांनी इतके जुने कागद कुठून आणायचे? ही अट संसदेने घातली आहे आणि संसदच ती बदलू शकते. उमेदवाराला विचारायचा हा नेमका प्रश्न आहे. दावे तपासायला लावलेला उशीर हा मात्र उपविभाग आणि जिल्हा समितीचा विषय आहे, त्याचा जाब तिथेच विचारायचा.

दुसरे शिष्यवृत्तीचे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. पैसे अडले तर राज्य केंद्राकडे आणि केंद्र राज्याकडे बोट दाखवते. आपला खासदार यावर सभागृहात प्रश्न विचारतो का, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

तिसरे नोकरीचे, आणि इथे सावध राहायला हवे. अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी अशी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरण्याची अधिसूचना ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी काढली. इथल्या बिगरआदिवासी युवकांच्या मनात तिच्याबद्दल राग आहे. निवडणूक आली की हा राग आदिवासींवर वळवणारे लोक गावात येतात. ही अधिसूचना पाचव्या अनुसूचीखालची, राज्यपालांच्या अधिकारातली आहे. त्यात काय सुधारता येईल ही चर्चा जरूर करावी. पण रिकामी पदे वर्षानुवर्षे न भरणे हे बेरोजगारीचे मोठे कारण आहे, आणि त्याची झळ आदिवासी युवकालाही तितकीच बसते. आपले मत शेजाऱ्याविरुद्ध वापरायला सांगणारा माणूस आपले काम करायला आलेला नसतो.

आकड्यांचे गणित : चार निवडणुका

आता तिसऱ्या वाक्याकडे येऊ. मत विचाराला द्यायचे की निकालाला? आपल्या चळवळीचा इतिहास यावर पुष्कळ शिकवतो.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे होते. ती दोन जागांची निवडणूक होती आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दोन्ही मते एकालाच दिली तर चालत नव्हती. बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून १४ हजारांवर मतांनी हरले. त्याच मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. मते कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार करत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली होती. मत कुजले की काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

१९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले आणि काँग्रेससोबत समझोता झाला. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून आणि प्रा. जोगेंद्र कवाडे आपल्या शेजारच्या चिमूरमधून निवडून आले. चारही जागा सर्वसाधारण होत्या. संख्येने कमी असलेला समाज एकजूट आणि योग्य समझोता असेल तर राखीव नसलेली जागाही जिंकू शकतो, हे तेव्हा दिसले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ते ऐक्य राहिले नाही आणि चिमूरची जागा गेली.

२०१९ मध्ये गडचिरोली-चिमूरमध्ये भाजपचे अशोक नेते यांनी काँग्रेसचे डॉ. नामदेव उसेंडी यांना सुमारे ७७ हजार मतांनी हरवले. वंचित बहुजन आघाडीचे डॉ. रमेश गजबे यांना १ लाख ११ हजारांवर मते मिळाली, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. एक बाजू म्हणते, मतविभाजन झाले. दुसरी म्हणते, या मतांनीच आमची ताकद दिसली, नाहीतर आम्हाला गृहीत धरले असते. आम्हाला वाटते, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट विसरू नये. वंचित उभी नसती तर ती सगळी मते एकाच पक्षाला गेली असती, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यातली काही घरीच राहिली असती.

२०२४ मध्ये चित्र पालटले. १९ एप्रिलला पहिल्या टप्प्यात इथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान यांनी अशोक नेते यांना १ लाख ४१ हजारांहून अधिक मतांनी हरवले. संविधान हा त्या प्रचारातला मोठा मुद्दा होता आणि आपल्या वस्त्यांमध्ये त्याची चर्चा घराघरात झाली.

दोन्ही मार्गांची किंमत

ही अडचण आपल्यापुरती नाही. जास्त मते तो विजयी ही पद्धत जिथे जिथे आहे, तिथे ती आहे. कॅनडात २८ एप्रिल २०२५ रोजी ३४३ जागांसाठी निवडणूक झाली. तिथला डावीकडे झुकणारा छोटा पक्ष म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी. त्याच्या अनेक समर्थकांनी कंझर्व्हेटिव्ह पक्षाला रोखण्यासाठी लिबरल पक्षाला मते दिली. लिबरल सरकार टिकले, पण न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला फक्त ७ जागा मिळाल्या आणि सभागृहात अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला लागणाऱ्या १२ जागाही त्याच्याकडे राहिल्या नाहीत.

म्हणून आम्ही युवकांना सांगतो : निकालासाठी मत द्या किंवा विचारासाठी द्या, दोन्ही प्रामाणिक मार्ग आहेत. पण किंमत माहीत असू द्या. निकालासाठी दिलेल्या मताची किंमत आपल्या पक्षाची संघटना मोजते. विचारासाठी दिलेल्या मताची किंमत, लढत अटीतटीची असेल तर, पुढची पाच वर्षे मोजावी लागू शकते. लढत किती अटीतटीची आहे, हे मागच्या दोन-तीन निवडणुकांच्या आकड्यांवरून आणि आपल्या केंद्राच्या मतमोजणीवरून कळते. मोबाइलवर फिरणाऱ्या अंदाजावरून नाही.

'नोटा'बद्दलही गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. लोकसभेत 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे असेल तोच निवडून येतो. नाराजी नोंदवायची असेल तर ते बटण जरूर आहे, पण त्याने निकाल थांबत नाही.

विहारात अभ्यास, केंद्रावर एकटे

दुसरे वाक्य राहिले : "वरून सांगतील त्याला देऊ." कालाम सुत्तात तथागत सांगतात, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपले गुरू म्हणतात म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीपासून सावध केले होते. मग मताच्या वेळीच आपण भक्त का व्हावे?

अभ्यास कसा करायचा, याचा नमुना आपल्या तालुक्यातच आहे. मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूविक्रीचा अधिकार प्रत्यक्षात आणला. त्यामागे ग्रामसभेइतकेच अभ्यासगटाचे काम होते. अभ्यासगटात बसून माहिती घ्यायची, वाद घालायचा, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने करायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही पद्धत देशभर माहीत झाली.

मतदानासाठी यातला अर्धा भाग घ्यावा. अभ्यास सगळ्यांनी मिळून करावा. निर्णय मात्र ज्याचा त्याने. कारण मत गुप्त आहे आणि ते घराचे, वस्तीचे किंवा नेत्याचे नाही. गठ्ठा मत ज्या दिवशी कोणाच्या तरी खिशात जाते, त्या दिवसापासून उमेदवार वस्तीत यायचे सोडून त्या एका माणसाकडे जातो. हे घरातही लागू आहे. आई, बहीण, बायको यांना "अमुक बटण दाब" सांगणारा युवक समतेवर भाषण करायला मोकळा नाही.

एक मर्यादा पाळावी. प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करायला आचारसंहितेत मनाई आहे, आणि विहारही त्यात येते. विहारात प्रतिज्ञापत्रे वाचा, आकडे मांडा, प्रश्नांची यादी करा. कोणाचा बॅनर लावू नका.

मतदानाआधी करायची कामे

१. यादीत नाव तपासा. नवीन नावासाठी नमुना ६ भरा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना १८ वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते.

२. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढा. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण एवढे चार रकाने एका कागदावर लिहून विहारात वाचा.

३. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या मजुरांना तारीख लवकर कळवा. मतदानाला येण्याचे भाडे मुकादमाकडून किंवा उमेदवाराकडून घेऊ नका.

४. २०२४ मध्ये आपल्या क्षेत्रात मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढेच होते. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची असतात. आल्यावर जेवण उरकून निवांत जाऊ म्हणाल तर दार बंद होईल.

५. मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नाही. ओळखपत्र सोबत ठेवा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहा.

६. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून मतदान अधिकाऱ्याकडे टेंडर मत मागा.

७. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत बाटली आली तर ती देणारा दोन कायदे मोडतो आहे. सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकता येतो.

मतदान झाल्यावर प्रश्नांची यादी फेकू नका. निकाल लागल्यावर तीच यादी, खाली गावातल्या सह्या घेऊन, निवडून आलेल्या खासदाराला पाठवा, मग तो आपण मत दिलेला असो वा नसो. वर्षभराने तीच यादी पुन्हा काढून किती प्रश्न संसदेत गेले ते मोजा. पुढच्या वेळी विहारात अभ्यासाला बसताना पहिला कागद तोच ठेवा.