नकारानंतरचा गोन्सालो

फेब्रुवारी महिना उजाडला की वसईच्या संत गोन्सालो गार्सियावर प्रवचन करण्याचा प्रसंग आम्हां धर्मगुरूंवर येतोच. आजवर आम्ही ते अनेकदा केले, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर प्रत्येक वेळी एकाच जागेपासून आरंभ केला : नागासाकीची टेकडी, सव्वीस क्रूस, भाले आणि मरणाच्या दारातील ते स्तवन. वसईत जन्म, जपानला प्रयाण, काही काळ व्यापार, नंतर फ्रान्सिस्कन संघात प्रवेश, एवढे सारे आम्ही एका वाक्यात उरकीत असू. श्रोत्यांना आणि आम्हांलाही टेकडीवर पोहोचण्याची घाई असे.

या खेपेस ते वाक्य आमच्या घशात अडकले. त्याचे कारण आमच्या पनवेलच्या धर्मग्रामातच आहे.

वसईहून, गोवा-मंगळूरहून, नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांचे हे धर्मग्राम. अशाच एका घरातील थोरला मुलगा सेमिनरीत गेला होता. जाताना आम्ही वेदीसमोर उभे करून त्याच्या गळ्यात हार घातला होता. तीन वर्षांनी वरिष्ठांनी त्यास घरी परतण्यास सांगितले. परतल्यावर तो रविवारी शेवटच्या बाकामागे, दाराशी उभा राहून मिस्सा ऐकू लागला व आशीर्वाद होण्यापूर्वीच निघून जाऊ लागला. त्याची आई एके संध्याकाळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, बोलावणारा देवच होता ना? मग परत कोणी पाठवले?" आम्ही तिला काहीबाही उत्तर दिले. ती गेल्यावर मात्र कपाटातून गोन्सालोविषयीची पुस्तके काढली आणि जे एका वाक्यात उरकीत आलो, ते सावकाश वाचले.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केल्यास तेव्हा वीस-बावीस वर्षे लोटली होती. पिता पोर्तुगीज, माता वसईची. त्या काळी आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंड्याचे ठाणेही वसईप्रमाणेच पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत असे. (रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घराघरांतून ऐकू येते, ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांनी एकदा अवश्य जावे.) वसईच्या कोटात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली हा मुलगा शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासमवेत जपानला गेला.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमास उतरले, तेव्हापासून जपानमधील ख्रिस्तसभा वाढत होती. परंतु युरोपीय धर्मगुरू मूठभर आणि भाषा अवघड. म्हणून तेथे 'दोजुकू' नावाचा एक साहाय्यक वर्ग निर्माण झाला. मुलांना प्रार्थना शिकवणे, वेदीची तयारी करणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून देणे ही त्यांची कामे. गोन्सालोने सुमारे आठ वर्षे अशीच धर्मशिक्षकाची सेवा केली. जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली की पुढे तीच त्याची ओळख ठरली. या आठ वर्षांत त्याची एकच इच्छा होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

आशियात जन्मलेल्या, विशेषतः मिश्र रक्ताच्या तरुणांना व्रतस्थ जीवनात घेण्याविषयी त्या काळच्या वरिष्ठांच्या मनात मोठी अढी होती. पूर्वेकडील येशूसंघाचे निरीक्षक अलेस्सांद्रो वालिन्यानो हे दूरदृष्टीचे पुरुष. १५७९ मध्ये ते जपानला आले आणि १५८० मध्ये उसुकी येथे त्यांनी जपानी तरुणांसाठी नोव्हिशिएट उघडले. तेच वालिन्यानो हिंदुस्थानात जन्मलेल्यांविषयी मात्र फारसे अनुकूल नव्हते. म्हणजे ज्यांना धर्मशिक्षण देण्यात गोन्सालोसारख्यांनी उमेद घालवली, त्यांच्यासाठी दार उघडले. वसईच्या मुलाला ते उघडले नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर आजच्या तराजूने खटला भरण्याची आम्हांस हौस नाही. परंतु अढीला अढी म्हणावे. तिला ईश्वरी योजना म्हणू नये.

येशूसंघीयांना सोडून गोन्सालो व्यापारात शिरला. पूर्वेकडील बंदरांत त्याचा जम बसला आणि हाती पैसा खेळू लागला. येथे आम्ही प्रवचनकार हमखास एक वाक्य टाकतो : 'परंतु धनात त्याला समाधान लाभले नाही.' हे वाक्य फार स्वस्त आहे. आमच्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत; प्रामाणिक व्यापार करून रात्री सुखाने झोपणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. व्यापार हे गोन्सालोचे अधःपतन नव्हते. मनासारखे झाले नाही म्हणून तो रुसून बसला नाही, हातापायांनी कामाला लागला, एवढेच त्यातून निघते, आणि ते काही थोडे नाही.

पुढे तो फिलिपाइन्समधील मनिला येथे गेला. तेथे फ्रान्सिस्कनांचा सहवास घडला आणि १५८८ च्या सुमारास त्याने त्यांच्या संघात प्रवेश केला. तिशी उलटली होती. तो धर्मगुरू झाला नाही. व्रतस्थ ब्रदर झाला. ब्रदर म्हणजे मठाचे दार उघडणारा, स्वयंपाक पाहणारा, दारोदार भिक्षा मागणारा. कालपर्यंत ज्याचा माल गलबतांतून जात होता, त्याने ही कामे पत्करली.

संत पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, आहे त्या स्थितीत समाधानी असणे आपण शिकलो आहोत, असे म्हटले आहे. सेमिनरीत असताना आमचे लक्ष नेहमी 'समाधान' या शब्दाकडे जाई. आता या वयात 'शिकलो' हा शब्द अधिक मोठा वाटतो. समाधान उपजत असते तर पौलाला ते शिकावे लागले नसते. आणि शिकणे म्हटले की काही इयत्तांत नापास होणेही आलेच. आम्हांस स्वतःला इतिहासाचे अध्यापन करावयाचे होते. त्याऐवजी एकामागून एक धर्मग्रामे वाट्यास आली आणि पहिली काही वर्षे आम्ही आज्ञा पाळली ती दात खाऊन. त्या वर्षांत आमच्या हातून ज्यांचे अंत्यविधी झाले, त्यांच्या कुटुंबांची आम्ही मनोमन क्षमा मागतो.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे एक शिष्टमंडळ धाडले. प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता. जपानी जाणणारा माणूस हवा होता. तो मठातच होता, ब्रदर गोन्सालो. क्यूशू बेटावरील नागोया येथे हिदेयोशीसमोर तो दुभाष्या म्हणून उभा राहिला. वीसएक वर्षांपूर्वी पोरसवदा वयात कानांवर पडू लागलेली भाषा आता कामी आली. 'पाहा, यासाठीच देवाने त्याला नाकारवले' असे म्हणण्याचा मोह येथे होतो. आम्ही तो टाळतो. त्या आईला आम्ही असेच काहीतरी सांगितले होते आणि तिच्या चेहऱ्यावरूनच कळले की ते तिच्या उपयोगाचे नाही. नकार माणसांनी दिला. नकारापूर्वी शिकलेली भाषा गोन्सालोने फेकून दिली नाही. ते श्रेय कृपेचे आणि त्याचेही.

फ्रान्सिस्कनांना राहण्याची मुभा मिळाली. १५९४ मध्ये क्योतोत त्यांचे मंदिर उभे राहिले आणि लगोलग कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा पाणी, फडके आणि न कचरणारे हात एवढेच औषध होते. गोन्सालोच्या चरित्रात आम्ही सर्वाधिक थबकलो ते येथे, कारण आमच्या पनवेलजवळ, नेरे गावी, कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. तेथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पहिल्या भेटीत नजर कोठे ठेवावी हेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गप्पा सुरू होतात.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे मनिलाहून निघालेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून तोसाच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मालाच्या जप्तीवरून वाद पेटला, स्पेनच्या हेतूंविषयी हिदेयोशीचा संशय बळावला आणि डिसेंबरात फ्रान्सिस्कनांना अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा सुमारे महिन्याचा प्रवास. निघताना चोवीस होते. वाटेत आणखी दोघे सामील करण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. त्या तिघा येशूसंघीयांपैकी पॉल मिकी संघात रुळलेले होते; परंतु जॉन द गोतो आणि दिएगो किसाई हे दोघे गोन्सालो एके काळी होता तसेच साहाय्यक. त्यांनी येशूसंघाची व्रते घेतली ती मृत्यूच्या उंबरठ्यावर, नागासाकीला आल्यावर. ज्या संघात शिरण्यासाठी गोन्सालोने आपले तारुण्य वेचले, त्याचे दार त्याच्यासारख्याच दोघांसाठी उघडले, आणि तो फ्रान्सिस्कन झगा घालून त्याच रांगेत उभा होता. परंपरा सांगते की आपल्या क्रुसाकडे सर्वांत प्रथम धावला तो गोन्सालोच. ते धावणे आम्ही आजवर शौर्य म्हणून रंगवले. आता वाटते, त्या सकाळी त्याला कोणाचा हेवा उरला नसावा.

१६२७ मध्ये त्याला 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. तोवर, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर, कोटातील मंदिरांवरची छपरे गेली होती. गोन्सालो जेथे शिकला तेथे आज भिंती आहेत आणि वर आकाश.

यंदाच्या फेब्रुवारीत पनवेलहून दिवामार्गे जाणाऱ्या गाडीने आम्ही साठ-सत्तर जण वसईला गेलो. तिकिटे काढणे, म्हाताऱ्यांना चढवणे, डबे मोजणे ही कामे त्या तरुणाने न सांगता अंगावर घेतली. कोटात मिस्सा झाली तेव्हा तो मागेच उभा होता. तेथे दार नव्हते, म्हणून आशीर्वादापूर्वी निघून जाण्याचा प्रश्न आला नाही. परतताना गाडीत त्याने विचारले, "फादर, गोन्सालोने धर्मगुरू होण्यासाठी पुन्हा कोणाला विचारले असेल का?" आम्ही म्हणालो, "तू विचारणार आहेस का?" तो हसला आणि भिवंडीला उतरणाऱ्या एका आजीबाईंची पिशवी उचलायला उठला.