त्सांगपोच्या दरीत सोडलेले 500 ओंडके

भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रणेते विल्यम लॅम्बटन यांचे 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्रिकोणांची ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मात्र पलीकडचा तिबेट परकीयांना बंद होता. तेथे थिओडोलाइटची जागा सर्वेक्षण विभागाने पाठवलेल्या भारतीय प्रवाशांच्या पावलांनी घेतली. नैनसिंग रावत यांनी जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजून ल्हासापर्यंतचे अंतर नोंदवले आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची काढली.

तरीही एक प्रश्न उरला. तिबेटातून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो आणि आसामातील ब्रह्मपुत्र या एकच नद्या आहेत काय? सुमारे 3000 मीटर उंचीवरची नदी एका दुर्गम दरीत शिरते आणि आसामच्या सीमेवर 200 मीटरांहूनही खाली प्रकटते. मधला भाग नकाशावर कोराच होता.

1880 मध्ये सर्वेक्षण अधिकारी हेन्री हर्मन यांनी एका लामासोबत सिक्कीमच्या किंथुप यांना तिकडे धाडले. खुणेचे ओंडके नदीत सोडायचे आणि ते आसामात दिसतात का ते पाहायचे, अशी योजना होती. लामाने किंथुप यांना गुलाम म्हणून विकले आणि तो निघून गेला. किंथुप निसटले, एका मठाच्या प्रमुखाने त्यांना विकत घेऊन आश्रय दिला. तेथून सवड मागून त्यांनी 500 ओंडके तयार केले, ल्हासाला जाऊन हर्मन यांच्यासाठी पत्र लिहवून घेतले आणि ठरल्या दिवसांपासून रोज 50 याप्रमाणे ओंडके सोडले. पत्र वेळेत पोहोचले नाही. हर्मन भारत सोडून गेले होते. ओंडके वाहून गेले, पाहणारा कोणीच नव्हता.

1884 मध्ये किंथुप परतले. ते निरक्षर असल्याने त्यांची हकीकत दुसऱ्यांनी लिहून घेतली. तीत एका उपनदीवरील उंच धबधबा मुख्य नदीवर नोंदला गेला, आणि अनेकांनी साऱ्या वृत्तान्तावरच शंका घेतली.

1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड यांनी दरीचे सर्वेक्षण केले, तेव्हा किंथुप यांचे वर्णन बहुतांशी खरे ठरले. चूक लेखनातली होती. बेलींच्या प्रयत्नांमुळे वृद्ध किंथुप यांना बक्षीस मिळाले. त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

निरीक्षण अचूक असणे पुरेसे नसते. ते नोंदवणारा हात आणि त्यावर विश्वास ठेवणारी संस्था यांवरही विज्ञान उभे असते.