खर्रर्र... अर्थात गिअर न पडण्याचा इतिहास

गिअर टाकताना येणारा तो खर्रर्र आवाज ऐकला नाही असा गाडीवाला शोधून सापडायचा नाही. शेजारी बसलेला दात आवळतो, मागचा हॉर्न वाजवतो आणि चालवणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो, 'गेला गिअरबॉक्स!' आता गंमत अशी आहे की पुष्कळदा गिअरबॉक्सला काहीही झालेलं नसतं. मग नेमकं काय झालंय हे कसं ओळखायचं? माझं मत विचाराल तर त्यासाठी गिअरबॉक्सचा इतिहास माहीत हवा. कारण ही वस्तू कोणी एका झटक्यात डिझाईन केलेली नाही. आपल्या ऑफिसातल्या जुन्या कोडसारखे तिच्यावर थरावर थर चढत गेलेत, आणि प्रत्येक थर बिघडला की वेगळी तक्रार करतो.

मुळात गिअर लागतातच कशाला? वाफेचं इंजिन किंवा विजेची मोटर जागेवरूनही जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही. ते एका ठराविक वेगाने फिरत असेल तरच त्याच्यात दम असतो, थांबवलंत तर बंदच पडतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दोन गोष्टी आल्या : हवं तेव्हा नातं तोडणारा क्लच, आणि वेगाचं गुणोत्तर बदलणारी दातेरी चाकं.

ही रचना रुळवण्याचं श्रेय जातं एमिल लवासोर या फ्रेंच इंजिनिअरकडे. १८९१ च्या सुमारास पानार-लवासोर कंपनीच्या गाडीत त्याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना अशी मांडणी केली. वेगवेगळ्या आकाराची दातेरी चाकं शाफ्टवर सरकवायची आणि समोरच्या फिरणाऱ्या चाकात घुसवायची. बस्स! "हे रानटी आहे, पण चालतं" अशा अर्थाचं काहीसं तो स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. खरं असो वा नसो, वर्णन अगदी चपखल आहे. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन पोलादी चाकं एकमेकांत घुसवायची म्हणजे दुसरं काय होणार?

पण मग त्या काळचे लोक गाडी चालवायचे तरी कसे? तर दोन्ही चाकांचा वेग जुळवायचं काम ड्रायव्हर करायचा, कानाने आणि पायाने. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आहे, तिसऱ्याचं १.५, आणि इंजिन ३००० फेऱ्यांवर आहे. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकायचा तर गिअरबॉक्सचा इंजिनाकडचा शाफ्ट २२५० फेऱ्यांवर यायला हवा. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग उतरू द्यायचा, पुन्हा क्लच दाबून तिसरा. खालचा गिअर टाकताना उलट, न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. यालाच आपल्याकडचे ट्रकवाले 'डबल क्लच' म्हणतात. घाटात जुना ट्रक चढताना मधेच 'घूंऽऽ' करून रेस दिल्याचा आवाज यायचा तो हाच. तो ड्रायव्हर त्या क्षणी डोक्यात गुणाकार-भागाकार करत असायचा, फक्त त्याला तसं कोणी सांगितलेलं नसायचं :-)

हेन्री फोर्डने या भानगडीतून वेगळीच वाट काढली. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या मॉडेल टी मध्ये त्याने कायम एकमेकांत अडकलेली ग्रहमालेसारखी चाकं वापरली आणि गिअर पायाच्या पेडलवर आणले. दाते भिडवायचेच नाहीत, तर खर्रर्र येणार कुठून? पण पुढे जायला गिअर दोनच.

खरं उत्तर आलं १९२८ साली. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरची सिंक्रोमेश ही कल्पना कॅडिलॅकने आपल्या गाड्यांत आणली. कल्पना इतकी साधी की वाटावं, अरे हे आधी कसं कोणाला सुचलं नाही! गिअर पडण्याआधी दोन शंकू एकमेकांवर घासू द्यायचे. घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात आणि मगच दाते भिडतात. पुढे यात पितळी रिंग आली. ही रिंग नुसती घासत नाही, वेग जुळेपर्यंत वाट अडवून धरते. म्हणजे ड्रायव्हरच्या कानात आणि पायात होतं ते ज्ञान एका मुठीएवढ्या रिंगमध्ये उतरलं.

पण एका रात्रीत सगळं बदललं नाही. रिंग आधी वरच्या गिअरना मिळाली आणि पहिला गिअर कित्येक वर्षं तसाच राहिला. फोक्सवॅगन बीटलला दुसऱ्या ते चौथ्या गिअरसाठी सिंक्रो मिळाला १९५२ मध्ये, पहिल्यासाठी १९६० उजाडलं. आपल्या मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ही मुळात फियाट ११००, तिच्याही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा नियम उगाच नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि त्या नियमाचं कारणही तिच्याबरोबर गेलं.

आता या सगळ्याचा उपयोग काय, ते बघा. थर माहीत असतील तर एकेक थर बाजूला काढून बघता येतो.

पहिली चाचणी : इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. तेव्हाही दांडी अडत असेल तर संशय दांडी, तिच्या केबली, बुश आणि आतले फोर्क यांच्यावर. (एखादा गिअर दाताला दात आल्याने अडू शकतो. गाडी जरा पुढेमागे हलवून पुन्हा बघा.)

दुसरी : बंद इंजिनवर गिअर लोण्यासारखे पडतात, चालू इंजिनवर मात्र सगळेच अडतात? मग क्लच पूर्ण दाबून पाचेक सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला आजही सिंक्रो नसतो, म्हणजे तिथे लवासोरचंच राज्य! इतकं थांबूनही खर्रर्र झालं, तर आतला शाफ्ट अजून फिरतोय. क्लच पुरता सुटत नाहीये. केबल सैल असेल, हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती असेल, नाहीतर प्लेट वाकली असेल.

तिसरी : चालत्या गाडीत एकच गिअर कुरकुरतो, समजा दुसरा. तिथे डबल क्लच मारून बघा. गिअर निमूट पडला तर त्या गिअरची रिंग झिजली आहे. रिंगचं काम तुम्ही केलंत आणि ती चोरी पकडली गेली.

फक्त सकाळी थंड असतानाच जड जातो? तेल बघा. चुकीचं तेलही घात करतं. ते फार निसरडं असेल तर रिंगला पकड मिळत नाही, आणि काही जीएल-५ तेलांतली गंधकाची रसायनं पितळ खातात. पडलेला गिअर आपोआप बाहेर येत असेल, तर झिजलेले दाते, खटक्याची स्प्रिंग किंवा इंजिनचं माउंटिंग.

माझ्या टीममधल्या एकाला एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं, "साहेब, गिअरबॉक्स खोलावा लागेल." त्याच्या खिशाला ते न परवडणारं होतं. कारण सगळेच गिअर अडत होते. पण पाच सिंक्रो एकाच आठवड्यात मरतात होय? पार्किंगमध्ये वरच्या पहिल्या दोन चाचण्या केल्या आणि दुसऱ्या मेकॅनिकने क्लचची केबल ताणून दिली. काम दहा मिनिटांचं.

हल्ली लोक एएमटी घेतात आणि म्हणतात, सुटलो गिअरच्या कटकटीतून. २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे ही लाट आली. पण आत गिअरबॉक्स तोच आहे, पितळी रिंगाही त्याच. क्लच दाबायला आणि दांडी हलवायला फक्त यंत्र बसलंय. थर आणखी एक वाढला, खालचे कुठेही गेले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी खर्रर्र झालं तर घाबरू नका. कधी होतं, कुठल्या गिअरला होतं आणि थांबून टाकल्यावर होतं का, एवढं लक्षात ठेवा आणि मेकॅनिकला तेवढंच सांगा. चांगला मेकॅनिक खूश होईल. दुसऱ्या प्रकारचा जरा विचारात पडेल.