वाहते पाणी, धावते हरीण : प्रस्तावना

लातूरच्या एखाद्या शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आहे. शेतातली तूर त्याची, बांधावरचा आंबाही त्याचाच. पण रात्री येऊन ती तूर खाणारे काळवीट कोणाचे? बोअरला लागलेले पाणी कोणाचे? शेताला लागून वाहणाऱ्या मांजरेतली वाळू कोणाची? एकाच गट नंबरात कायदा तीन वेगळी उत्तरे देतो. ती वेगळी का, हे शोधणे म्हणजे नैसर्गिक संपत्तीच्या मालकीच्या विषयात शिरणे. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही; तलाठी, शेतकरी, भूगोलाचे शिक्षक, सगळ्यांनी यात यावे अशी मनापासून इच्छा आहे.

प्राण्यापासून सुरुवात करू. इ.स. 533 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या संहितेने सांगितले की रानातला प्राणी कोणाचाच नसतो. जो पकडेल त्याचा होतो. 1805 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर एका कोल्ह्याचा वाद आला. एकाने त्याचा पाठलाग केला, दुसऱ्याने मध्येच येऊन तो मारला. न्यायालयाने कौल मारणाऱ्याला दिला, नुसता पाठलाग पुरेसा मानला नाही. म्हणजे मालकी पकडीच्या क्षणी जन्मते.

आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पकडणाऱ्याचा हक्क काढून घेतो, पण तो क्षण तसाच ठेवतो. कलम 39 प्रमाणे शिकार झालेला, पकडलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. उपद्रवी म्हणून घोषित झालेले प्राणी तेवढे यातून वगळले आहेत. मोकळे हिंडणाऱ्या हरणाला मात्र हे कलम कोणाचीच मालमत्ता म्हणत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ कठोर आहे. ज्याला तो हात लावू शकत नाही त्याने पीक खाल्ले, तर ‘तुमचे जनावर माझ्या शेतात आले’ असे म्हणायला समोर मालकच नाही. भरपाई मिळते ती शासनाच्या निर्णयांनुसार. नुकसानीचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न मालकीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, असे मला ठामपणे वाटते. तरीही आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला फार थोडी जागा मिळते.

वाळूचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नद्या-नाले आणि खनिजे राज्याकडे देते, म्हणून गोदावरीच्या वाळूघाटांचा लिलाव सरकार करते. मात्र 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की कायद्याने काढून घेतल्याशिवाय जमिनीखालचे खनिजही जमीनमालकाचेच असते. किनवटच्या रानात तर मालकीचा प्रवाह उलट फिरतो : 2006 चा वनहक्क कायदा जंगल सरकारचे ठेवूनही तेंदूपत्ता आणि मोह यांसारख्या गौण वनोपजांची मालकी तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना देतो.

पाण्यापाशी मात्र थांबावे लागते. जमिनीखालच्या, ठरावीक प्रवाहात न वाहणाऱ्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क, हा विचार 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात मांडलेला आहे. बैलांनी मोट ओढण्याच्या काळात तो निभावला. पंप आल्यावर ज्याचा बोअर खोल त्याचे पाणी, असा त्याचा अर्थ झाला. मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. शेजाऱ्याचा बोअर आपली विहीर कोरडी करू शकतो, हे मराठवाड्यात प्रत्येक घराला माहीत आहे. राज्याचा 2009 चा भूजल कायदा त्यावर बंधने घालू पाहतो. पण जमिनीबरोबर पाणीही आपलेच, ही समजूत एका कायद्याने जात नाही.

नदीचे पाणी आणखी शिकवते. धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा महाराष्ट्राच्या भूमीवर आहे, पण तेलंगणातल्या श्रीरामसागर जलाशयाच्या फुगवट्यात. बंधाऱ्याविरुद्ध तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने बंधारा राखला, पण वेळापत्रकासह : 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, त्यानंतर वापर 2.74 टीएमसीच्या आत, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे. ऐन पावसाळ्यात दारावरून वाहून जाणारे पाणी पाहणाऱ्या काठच्या शेतकऱ्याला हे खुपते, आणि ते खुपणे रास्त आहे. पण न्यायालयाने गोदावरी कोणाच्याही नावावर केली नाही. तारखा आणि माप यांनी दोन्ही राज्यांचे वापर बांधून दिले. धावत्या गोष्टींसाठी पकडीच्या नियमाला पर्याय असू शकतो, याचे इतके जवळचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

या विषयात येणाऱ्याने म्हणून वाचन बाभळीच्या निकालापासूनच सुरू करावे आणि मग कलम 39 कडे वळावे. कमल नाथ खटल्याचा 1996 चा निकाल त्यानंतर वाचावा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नैसर्गिक संपत्तीचा विश्वस्त म्हटले आहे. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. वाळूघाटाच्या लिलावाचा, आटलेल्या भूजलाचा आणि काळविटाने खाल्लेल्या तुरीचा हिशेब कोणत्या कार्यालयात, कोणत्या अर्जाने मागायचा, हे पुढच्या प्रकरणांत येते.