घाटात कोण थांबतं?

यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट म्हणजे उतारच उतार. सत्तावीसेक किलोमीटरांत जवळपास हजार मीटर खाली, दोन्ही बाजूंना ओसाड डोंगर आणि दबा धरून बसलेल्या लुटारूंचं भय. शेजारप्रेमाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट येशूने याच वाटेवर घडवली. मावळातल्या माणसाला ही वाट परकी वाटणार नाही; खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा बोरघाट त्याच जातीचा.

आज्ञा मात्र येशूच्याही आधीची, लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायचं, पण शेजारी कोणाला म्हणायचं, असा प्रश्न एका शास्त्र्याने विचारला, तेव्हा येशूने गोष्ट सांगितली. लुटारूंनी अर्धमेला केलेला एक माणूस रस्त्यात पडला होता. याजक त्याला पाहून पलीकडून निघून गेला, मंदिराचा सेवक असलेला लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या लोकांपैकी.

मला या गोष्टीतला तपशील फार मोलाचा वाटतो. शोमरोनी नुसता हळहळत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, त्याची शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन असा शब्दही देतो. याजक का थांबला नाही हे गोष्टीत सांगितलेलं नाही. काही भाष्यकारांना प्रेताच्या विटाळाची शंका येते. महाराष्ट्राला ते कारण फोड करून सांगावं लागत नाही.

मराठीत येशूचं चरित्र 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'तून. पुढे अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826 मध्ये मुंबईत मराठी नवा करार छापला. ग्रंथ असे पोचले. आचरणाचा माग काढायचा तर पंडिता रमाबाईंपाशी थांबावं लागतं. 1883 नंतर इंग्लंडमध्ये फुलहॅमच्या आश्रयगृहात त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जिव्हाळ्याने वागवलेलं पाहिलं. हे लोक असं का वागतात, या त्यांच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा अध्याय वाचून दाखवला. इथेही शोमरोनीच! रमाबाईंनी विधवांसाठी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातच केडगावला 'मुक्ती मिशन' उभं राहिलं.

त्याच 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्या करुणेवर कोणत्याही चर्चने हक्क सांगू नये. पण त्या गोष्टीतला शोमरोनी तरी यहुद्यांच्या मंदिरातला कुठे होता?

रस्त्यावरच्या जखमीपाशी न थांबण्यामागे विटाळाची जागा पुढे दुसऱ्या भयाने घेतली: पोलीस चौकी, साक्षीच्या तारखा, रुग्णालयाचं बिल. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा कॅलिफोर्नियात 1959 मध्ये झाला आणि अशा कायद्यांना जगभर त्या शोमरोन्याचंच नाव पडलं. आपल्याकडे सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी निर्णय दिला. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आलं. आता जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही. 2016 या एका वर्षात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 151 माणसं दगावली होती. तेव्हा हा कायदा मावळासाठी कागदावरचा राहून चालणार नव्हता.

लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या बचाव पथकातले लोक तर रस्त्यावर थांबून राहत नाहीत, दोर घेऊन दरीत उतरतात. वर आणलेला माणूस बहुतेकदा परगावचा, अनोळखी असतो.

2025 पासून जखमीला वेळेत पोचवणाऱ्या 'राहवीरा'ला सरकार 25 हजार रुपये देतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीची दुसरी योजना. अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात. उतारशाळेच्या मालकाला दिलेला शब्द आता शासनाने आपल्या अंगावर घेतला आहे. घाटातल्या टपऱ्या, ढाबे, पेट्रोल पंप, टोलनाके, सगळीकडे ही योजना आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक मराठीत लिहिलेला हवा.