झेंडू (कारधा परिसर)

झेंडू : (हिं. गेंदा, गु. गलगोटा, कुल-कंपॉझिटी). मूळचे मेक्सिकोतील वर्षायू फुलझाड. टपोऱ्या, गोंडेदार फुलांच्या टॅजेटिस इरेक्टा या जातीस ‘आफ्रिकन’ आणि बुटक्या, तांबूस छटेच्या टॅजेटिस पॅट्युलास ‘फ्रेंच’ म्हणतात, दोन्ही मेक्सिकोकडच्याच.

कारधा हे भंडारा शहराजवळ वैनगंगेकाठी वसलेले गाव. येथील पुलाजवळ नदीची पातळी मोजतात. ऑगस्ट 2020 अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. पुराचे असे मुळाशी साचलेले पाणी झेंडूला सोसत नाही, म्हणून सखल काठापेक्षा अंगणातला उंच गादीवाफा किंवा धानाचा धुरा (बांध) त्याला मानवतो. धुऱ्यावरच्या फुलांतील मध व पराग धानातील किडींवर जगणाऱ्या मित्रकीटकांना मिळतात. शोभेइतकाच हा उपयोग मोलाचा आहे.

लागवड : दसऱ्याच्या फुलांसाठी जूनमध्ये बी टाकून 25–30 दिवसांची रोपे लावतात. महिन्याभराने शेंडा खुडला की बगलफुटी वाढते आणि फुलेही. ‘पुसा नारंगी’ व ‘पुसा बसंती’ हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे वाण परिचित आहेत.

सूत्रकृमी : वांगी-टमाट्यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध झेंडूचा उपयोग होतो. मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य त्यांना घातक ठरते. डच संशोधकांनी ते 1958 मध्ये झेंडूच्या मुळांतून वेगळे केले. मात्र भाजीच्या ओळींत एखाददुसरे रोप लावून फारसे साधत नाही. वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली ठेवून नंतर तेथे भाजी घ्यावी. जातीनुसार व सूत्रकृमीच्या प्रकारानुसार परिणाम बदलतो. टमाट्यात फळ पोखरणारी अळी आकर्षून घेण्यासाठी सापळा पीक म्हणूनही तो लावतात.

रोग व कीड : करपा, लाल कोळी.

पाकळ्या : जॉर्जिया देशात वाळवलेल्या पाकळ्यांची पूड मसाल्यात वापरतात. पाकळ्यांतील ल्युटीन कोंबड्यांच्या खाद्यातून अंड्याच्या बलकास रंग देते. मराठी स्वयंपाकात मात्र झेंडू क्वचितच येतो. भातावर किंवा कोशिंबिरीत घालायच्या पाकळ्या बुडखा खुडून, धुऊन, थोड्याच घ्याव्यात. बुडखा कडू लागतो. सूर्यफूल-शेवंतीच्या कुलाची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. बाजारातील हारांची फुले खाण्यासाठी वापरू नयेत. त्यांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते.